महापौरपदाचे उमेदवार आणि पालिकेची अदृश्य तूट

महानगरपालिकेच्या निवडणुकीत रस्ते, गटारे, दिवाबत्ती आणि पाणी यांविषयी जेवढे बोलले जाते, त्याच्या शतांशानेही पालिकेच्या तिजोरीविषयी बोलले जात नाही. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. सोलापूर त्यांपैकी एक. मार्च २०२२ पासून येथे लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नव्हते आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. एवढ्या दीर्घ खंडानंतर झालेल्या निवडणुकीत आश्वासनांची अतिवृष्टी व्हावी, यात नवल नाही. या आश्वासनांची किंमत कोणी व कशी चुकती करावयाची, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. महापौरपदाची इच्छा धरणाऱ्या कोणाही व्यक्तीला, मग ती आजची असो वा अडीच वर्षांनंतर पुढे येणारी असो, सोलापूरकरांनी विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणूनच असा असावयास हवा : पालिकेच्या जमाखर्चातील तुटीचे आपण काय करणार?

या प्रश्नाला हमखास मिळणारे उत्तर असे की, पालिकेला तूटच नाही. अंदाजपत्रक तर शिलकीचे आहे. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असते आणि म्हणूनच ते अधिक फसवे असते. केंद्र सरकार तुटीचा अर्थसंकल्प मांडू शकते, कारण त्याच्यामागे कर्ज उभारण्याची प्रचंड शक्ती आणि चलनावरील अधिकार असतो. महानगरपालिकेला ती मुभा नाही. वर्षअखेर रोख शिल्लक दाखविणारे अंदाजपत्रकच तिला मंजूर करावे लागते. वर्गात तुटीचा अर्थभरणा शिकविताना विद्यार्थी विचारतात की, मग पालिका अडचणीत येतातच कशा? त्याचे उत्तर सोपे आहे. कायद्याने तूट दाखविण्यास मनाई केली, तूट होण्यास मनाई केलेली नाही. ती कागदावरून हटविली की दुसरीकडे जाऊन बसते.

तूट कोठे लपते?

तिच्या लपण्याच्या जागा चार. पहिली जागा जमेच्या रकान्यातच असते. गेल्या वर्षी प्रत्यक्षात जेवढी वसुली झाली, तिच्याहून कितीतरी अधिक वसुली पुढील वर्षी होईल असे गृहीत धरावयाचे आणि त्या कल्पित उत्पन्नावर खरीखुरी कामे मंजूर करावयाची. दुसरी जागा देण्यांची. कामे झालेली असतात, मक्तेदारांची देयके लेखा विभागात पडून राहतात आणि पुढील वर्षाचा पैसा मागील वर्षाच्या कामावर खर्च होतो. देयक दोन-दोन वर्षे मिळणार नाही, हे जाणणारा मक्तेदार निविदेचा दर त्या हिशेबाने चढा लावतो. म्हणजे उधारीचे व्याज नागरिक भरतोच, फक्त ते व्याज या नावाने नोंदले जात नाही. तिसरी जागा देखभालीची. जलवाहिनी गळते, पंप जुना होतो, रस्त्याची खडी उखडते. दुरुस्ती पुढे ढकलली की त्या वर्षाचा खर्च वाचल्यासारखा दिसतो, परंतु पुढे तीच दुरुस्ती अनेक पटींनी महाग होऊन येते.

चौथी जागा सर्वांत महत्त्वाची, आणि ती पालिकेच्या दप्तरात नाही. ती घराघरांत आहे. नळाला तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी येणे, हा सोलापूरचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ज्यांना शक्य आहे ते जमिनीखाली हौद बांधतात, विंधनविहीर खणतात, पंप बसवितात, टँकर मागवितात. हा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात येत नाही, तरी तो पाणीपुरवठ्यावरचाच खर्च आहे. ज्यांना हे शक्य नाही त्यांचा हिशेब आणखी कठोर आहे. या शहरात विडी वळून घर चालविणाऱ्या स्त्रिया हजारोंनी आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते, तासांवर नव्हे. पाण्याच्या दिवशी नळाजवळ गेलेले तीन तास म्हणजे तेवढ्या न वळलेल्या विड्या. पालिकेने पाणीपट्टी वाढविली नाही म्हणून या स्त्रीचे हित झाले, असे म्हणणे हा अर्थशास्त्राचाच नव्हे, तर माणुसकीचाही विपर्यास आहे. तिने पट्टी भरली. ती रुपयांत न भरता आपल्या मजुरीत भरली. अदृश्य तूट म्हणजे गरिबांवर लादलेला, पावती न मिळणारा कर होय.

जकातीनंतरचे शहर

ही अवस्था एका दिवसात आली नाही. सोलापूर नगरपालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच पुढे लोक जुनी गिरणी म्हणू लागले. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांनी शहराला कामगारवस्ती दिली, तशीच बाजारपेठही दिली. १ मे १९६४ रोजी महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तिच्या उत्पन्नाचा कणा जकात हा होता. जकातीवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. नाक्यांवर मालमोटारी खोळंबत, लाचलुचपतीला वाव मिळे, आणि कराचा बोजा अखेरीस सामान्य ग्राहकावरच पडे. तथापि तिच्यात एक गुण होता. बाजार वाढला की तिजोरीत भर पडे, आणि ती भर त्याच दिवशी पडे. शहराची भरभराट आणि पालिकेचे उत्पन्न यांचे नाते थेट होते.

पुढे जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्यालाही व्यापाऱ्यांचा तीव्र विरोध झाला. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना राज्याने त्यातून वगळले, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर उरलेला करही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ, असे तिचे सूत्र कायद्याने ठरविले आहे. आठ टक्क्यांनी रक्कम सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होते, तेव्हा हे सूत्र कंजूषपणाचे आहे असे म्हणता येणार नाही.

परंतु या सूत्राचा परिणाम दुहेरी आहे. ज्या शहराचे पायाभूत वर्षातील उत्पन्न भक्कम होते, त्याचा भक्कमपणा कायम झाला. ज्या शहराच्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि ज्याची करवसुली अशक्त होती, त्याचा अशक्तपणाही कायम झाला. दुसरे असे की, बाजार वाढो अथवा आटो, भरपाई तेवढीच येणार. शहराने कर्तृत्व दाखवून वाढवावे असे जे उत्पन्न उरले, ते मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांचे शुल्क आणि पालिकेच्या गाळ्यांची भाडी एवढेच. नेमक्या याच बाबींना हात लावण्यास प्रत्येक राजकीय पक्ष कचरतो.

खर्चाची बाजू मात्र थांबली नाही. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरांवरून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या होती ९ लाख ५१ हजार ५५८. क्षेत्र पाचपटीहून अधिक वाढले, पण लोकसंख्या त्या मानाने वाढली नाही. याचा साधा अर्थ असा की, दर घरामागे टाकावयाच्या जलवाहिनीची, गटाराची आणि रस्त्याची लांबी वाढली. पाणी आणावयाचे ते भीमेवरील उजनी धरणातून, म्हणजे सुमारे ११० किलोमीटरांवरून, आणि पंपांनी उपसून. समांतर जलवाहिनीच्या उभारणीला एनटीपीसी आणि स्मार्ट सिटी योजनेच्या निधीचा आधार मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पंपांचे वीजबिल आणि वाहिनीची दुरुस्ती यांसाठी दिल्लीहून दरवर्षी कोणी निधी पाठवीत नाही. भांडवल दुसऱ्याचे आणि चालू खर्च आपला, या व्यवहारात पाहुण्याने हत्ती भेट दिल्यासारखी स्थिती होते. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून आलेल्या बसगाड्यांच्या बाबतीत हा धडा शहराला एकदा मिळालेला आहे. गाड्यांच्या सांगाड्यांना तडे गेले, गाड्या आगारात उभ्या राहिल्या, परिवहन उपक्रमाच्या वेतनाचा भार मात्र उभा राहिला नाही. तो चालूच राहिला.

महापौराच्या हाती काय आहे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. आपल्याकडे महापौर हे मानाचे पद आहे. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. मग महापौराला तुटीचा जाब विचारण्यात काय अर्थ? आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. मूळच्या १९४९ च्या अधिनियमानुसार अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, ते स्थायी समितीपुढे येते आणि अखेरीस सर्वसाधारण सभा त्याला मंजुरी देते. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे महापौर परिषदेचा प्रयोग करून महापौरांना कार्यकारी अधिकार देण्यात आले होते. तो प्रयोग अल्पावधीतच गुंडाळण्यात आला.

असे असले तरी, कराचे दर ठरविणे हा अधिकार आयुक्तांचा नाही. तो सभागृहाचा आहे. आयुक्तांनी जमेचा फुगवलेला आकडा मांडला तर तो कमी करण्याचे, आणि न फुगवलेला मांडला तर त्यात फुगवटा न भरण्याचे स्वातंत्र्यही सभागृहाचेच. प्रशासकाच्या काळात अंदाजपत्रक सुचविणारा आणि मंजूर करणारा हात एकच होता, त्यामुळे कोणी कोणाला जाब विचारावा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. आता इंद्रभुवनात पुन्हा सभागृह भरते आहे, तर त्याचा उपयोग या एका कामासाठी तरी झाला पाहिजे. त्या सभागृहाच्या अध्यक्षस्थानी महापौर असतो. त्याच्याजवळ सही नसेल, पण घंटा आहे आणि आवाज आहे.

शिवाय आपल्या पद्धतीत एक सोय दडलेली आहे. महापौराला नऊ-दहा लाख लोक थेट निवडून देत नाहीत. १०२ नगरसेवकांपैकी ५२ जणांचा पाठिंबा त्याला पुरेसा होतो. नगरसेवक म्हणून तो आधीच निवडून आलेला असतो. अप्रिय सत्य बोलल्याने मते जातील, ही भीती इतर कोणत्याही उमेदवारापेक्षा महापौरपदाच्या उमेदवाराला कमी असावयास हवी. अडचण आहे ती अडीच वर्षांच्या मुदतीची. इतक्या काळात दोन किंवा तीन अंदाजपत्रके हाताखालून जातात. आज कराची फेरआकारणी केली तर रोष आजच्या महापौराला आणि लाभ पुढच्याला, हा हिशेब सुधारणेला मारक ठरतो. या मोहावर मात करतो तोच महापौर, बाकीचे सत्कारसमारंभांचे अध्यक्ष.

दोन महापौरांची गोष्ट

तूट लपविण्याचे काय होते, हे पाहावयाचे तर न्यूयॉर्कचे उदाहरण बोलके आहे. १९७३ च्या निवडणुकीत तेथे अब्राहम बीम हे महापौर म्हणून निवडून आले. ते पूर्वी शहराचे हिशेब-नियंत्रक होते, आणि पैशाचा व्यवहार जाणणारा माणूस हाच त्यांचा प्रचाराचा मुद्दा होता. परंतु त्या शहरात अनेक वर्षे चालू खर्च भांडवली खर्चात दाखविला जात होता आणि पुढे येणाऱ्या उत्पन्नाचे फुगीर आकडे तारण ठेवून अल्पमुदतीचे कर्ज काढले जात होते. १९७५ च्या वसंतात बँकांनी आणखी कर्ज देण्याचे नाकारले. हजारो कर्मचारी कमी करावे लागले, त्यांत पोलीस आणि सफाई कामगारही होते. शहराच्या आर्थिक निर्णयांवर राज्याने नेमलेल्या नियंत्रण मंडळाचा अंकुश आला. पिढ्यान्‌पिढ्या मोफत असलेल्या नगर विद्यापीठात १९७६ पासून शुल्क सुरू झाले. लपविलेली तूट उघडी पडली, तेव्हा तिची किंमत पुन्हा त्यांनीच मोजली, ज्यांना नगरपालिकेवाचून दुसरा आधार नव्हता.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची. १८७३ ते १८७६ या काळात जोसेफ चेंबरलेन तेथे महापौर होते. अवघी तीन वर्षे. आपल्या मुदतीहून फार अधिक नव्हे. शहराला सुधारणा हव्यात आणि घरपट्टी वाढविण्यास मर्यादा आहे, हे ओळखून त्यांनी खाजगी गॅस कंपन्या नगरपालिकेच्या मालकीच्या केल्या आणि त्यांच्या नफ्यातून शहराच्या कामांना पैसा दिला. पाणीपुरवठाही त्यांनी पालिकेकडे घेतला, पण तो नफ्याचे साधन म्हणून नव्हे, आरोग्याचे साधन म्हणून. काळ आणि परिस्थिती भिन्न आहे, हे मान्य. तरी उत्पन्न कोठून येणार हे आधी सांगावयाचे आणि खर्च मागाहून जाहीर करावयाचा, हा क्रम आजही शिकण्यासारखा आहे.

अभय कोणाला?

आपल्याकडे मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. ऐकताना ती जबर वाटते. मग वसुली होत नाही म्हणून अभय योजना येते आणि शास्तीचा मोठा भाग माफ होतो. एकदा असे झाले तर ती सवलत ठरते. वारंवार झाले तर तो संकेत ठरतो. समजा, दोघा शेजाऱ्यांना वर्षाला पाच-पाच हजार रुपये कर आहे. एक वेळेवर भरतो, दुसरा तीन वर्षे थांबतो आणि शास्ती माफ होताच पंधरा हजार भरून मोकळा होतो. दुसऱ्याला पालिकेने बिनव्याजी कर्ज दिले आणि ते पहिल्याच्या पैशातून दिले. पहिल्याने चौथ्या वर्षी वेळेवर कर का भरावा? अशा रीतीने पालिका स्वतःच आपल्या प्रामाणिक नागरिकाला थकबाकीदार होण्याचे शिक्षण देते.

आकारणीतील विषमता हा दुसरा प्रश्न. करयोग्य मूल्य वार्षिक भाड्यावर ठरविण्याच्या पद्धतीत जुन्या पेठांतील, भाडे गोठलेल्या इमारतींचे मूल्यही गोठून राहते, आणि हद्दवाढ भागातील नव्या घराचे मूल्य आजच्या दराने लागते. ज्या भागात गटार पोहोचले नाही, त्याने अधिक कर भरावा आणि ज्या बाजारपेठेत दुकानाच्या पागडीचे व्यवहार मोठ्या रकमांत होतात, तिने अल्प भरावा, हे न्यायाला धरून नाही. लोक कराला कंटाळलेले नसतात. ते अन्यायाला कंटाळलेले असतात.

आधी भ्रष्टाचार आणि उधळपट्टी थांबवा, मग कर मागा, असे सामान्य नागरिक म्हणतो तेव्हा त्याला दोष देता येणार नाही. मात्र या दोन गोष्टींत आधी-मागाहून असा क्रम लावला की दोन्ही राहतात. ज्याला आपण पैसा देतो त्यालाच आपण हिशेब विचारतो. राज्याच्या आणि केंद्राच्या अनुदानावर चालणारी पालिका स्वाभाविकपणेच मंत्रालयाकडे तोंड करून उभी राहते, नागरिकाकडे तिची पाठ असते.

उमेदवाराने काय सांगावे?

तेव्हा महापौरपदाच्या उमेदवाराकडून मोठमोठ्या योजनांची यादी न मागता आपण काही साध्या गोष्टी मागाव्यात. जमेचा अंदाज गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलीवर बांधला जाईल आणि त्याहून अधिक आकडा धरला तर त्याचे कारण सभागृहात लेखी सांगितले जाईल. न दिलेल्या देयकांची एकूण रक्कम दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध केली जाईल. प्रत्येक नव्या कामाच्या मंजुरीबरोबर त्याचा दरवर्षीचा देखभाल खर्च आणि तो भागविण्याचे साधन नोंदविले जाईल. शास्तीमाफीचा ठराव आपल्या मुदतीत येणार नाही. गरीब घरमालकाला हप्ते आणि लहान घराला कमी दर, ही सवलत कायम व सर्वांना माहीत असलेली असेल. थकबाकीदारांची यादी लावावयाची तर तिची सुरुवात नगरसेवकांपासून होईल.

पाण्याच्या बाबतीत आधी पालिकेने आपले मीटर लावावेत : उजनीहून किती पाणी निघाले, जलशुद्धीकरण केंद्रावर किती पोहोचले, प्रत्येक टाकीत किती पडले. गळती कळल्याखेरीज घराघरांत मीटर लावणे म्हणजे दुकानदाराने स्वतःचा तराजू न तपासता गिऱ्हाइकाची पिशवी तपासण्यासारखे आहे. त्यानंतर मात्र वापराप्रमाणे पट्टी आणि गरजेपुरत्या पाण्याला अल्प दर, या मार्गावर यावेच लागेल. हे अशक्य नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर लावून आणि वापरानुसार चढता दर ठेवून चोवीस तास पाणी दिल्याला पुष्कळ वर्षे झाली.

ही यादी सभेत टाळ्या मिळविणारी नाही, याची प्रस्तुत लेखकाला जाणीव आहे. कर वाढवणार नाही आणि पाणी रोज देईन, ही दोन वाक्ये एकाच व्यासपीठावरून एकाच दमात उच्चारता येतात. जमाखर्चाच्या वहीत ती शेजारी शेजारी बसत नाहीत. त्यांतील एक खोटे ठरणारच असते, आणि आजवरचा अनुभव असा की, खोटे ठरते ते पाण्याचे वाक्य. दर वाढत नाही, पाणीही येत नाही, आणि त्या दोहोंमधील अंतर पेठापेठांतील स्त्रिया घागरींनी भरून काढतात. सोलापूरकरांनी हे अंतर रुपयांत मोजण्याचा आग्रह धरला पाहिजे. तूट उघडपणे मांडणारा उमेदवार आपल्याला आवडणार नाही कदाचित. पण तिच्यावर उपाय करू शकणारा तोच एक असेल.